एकाच जातीच्या गोळ्या

आप्पांना आणि आईला एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांनी, दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी बेळगावात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून औषधशास्त्राचा डिप्लोमा करत होते. पहिलंच वर्ष. दोघं सकाळच्या गाडीनं निपाणीहून आली होती. दवाखान्यातनं निघून थेट माझ्याकडं आली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून आईनं फडक्यातली भाकरी सोडली आणि आप्पांनी सदऱ्याच्या खिशातनं दोन चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर धरल्या.

"वाच बघू. काय लिवलंय?"

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. डॉक्टरांचं अक्षर मुंग्या पळाल्यासारखं होतं, पण मी नावं लावली. आप्पांच्या चिठ्ठीवर फेनोबार्बिटोन, आईच्या चिठ्ठीवर डायझेपाम. दोन्ही रात्री झोपताना एक. तेव्हा मला त्या नावांपलीकडं काहीच कळत नव्हतं. पण मी ती मोठ्यानं, अडखळल्याशिवाय वाचली, आणि आप्पांनी आईकडं असं बघितलं की जणू मी डॉक्टरच झाले.

"तुम्हाला काय झालंय, आप्पा?"

"झोपंत दचकाय हुतंय जरा. तुज्या आईला झोप लागत न्हाय, मला लागल्याली नीट न्हाय. दोघांचं एकच."

आई माझ्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवत राहिली.

आईचं न झोपणं मला ठाऊक होतं. तिनं तेरा वर्षं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणी मारली होती. तोंडाला पदर बांधून, तरी घरी आल्यावर तिचा थुंका तपकिरी यायचा. आप्पा वीज बोर्डात पर्मनंट झाले तशी तिनं वखार सोडली. त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ काविळीनं गेला. दहा वर्षांचा होता. पहाटे तीनच्या सुमारास गेला. तेव्हापासून आईला पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. ती उठून बसायची, भिंतीला टेकून, उजाडेपर्यंत. दिवा लावायची नाही. आम्ही बहिणी जाग्या झालो तर म्हणायची, "निजा गं. मी हाय जागी." जसं काही कुणीतरी जागं असायलाच हवं होतं.

आप्पा लाइनमन होते. खांबावर चढायचे. आमच्या वस्तीत वीज आली तेव्हा खांबावर आमचाच माणूस होता, आणि ज्यांनी आप्पांच्या आज्याला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्यांच्या घरातल्या तारा नीट करायला आता आप्पांनाच आत बोलवावं लागायचं. याचा त्यांना किती अभिमान होता हे ते बोलून दाखवत नसत. पण खाकी कपडे आईला धुवू द्यायचे नाहीत. स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे.

त्या गोळ्यांवर सव्वा वर्ष बरं गेलं. म्हणजे आप्पांचं बरं गेलं. आईला गोळीनं पहिली झोप लवकर लागायची, पण तीनला जाग यायची ती यायचीच. मधल्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं. माझी थोरली बहीण ती. मुलगा रेल्वेत होता, गुंजी स्टेशनावर नेमणूक. लग्नात आप्पांनी पहिल्यांदाच पांढरा झब्बा घातला होता, आणि पंगतीत वाढताना एकदा ते उभ्या उभ्याच डोळे मिटून थांबल्याचं मी बघितलं. दमले असतील, असं वाटलं.

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. कामाच्या दिवशी घरी. डाव्या पोटरीला पट्टी होती.

"काय झालं?"

"कुटं काय. पाय निसटला."

आईनं आतनं सांगितलं, "खांबावर डोळा लागला त्यास्नी. पट्टा हुता म्हणून लोंबकळलं. न्हायतर—"

आप्पांनी मग हळूहळू सगळं सांगितलं. ती गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं पोत्यासारखं जड राहायचं. जीभ जड, हात जड. सुरुवातीला फारच, मग सवय झाली, पण सुटलं कधीच नाही. खाली उभ्या असलेल्या हेल्परनं या वेळी झाकलं, साहेबांना पाय घसरला असंच सांगितलं. पण पुन्हा झालं तर? साहेबांनी आधीच एकदा कन्नडमध्ये विचारलं होतं, काय रे, दारू पितोस काय दिवसाढवळ्या? आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

"आन् हिला बघ," ते आईकडं बोट करून म्हणाले, "हिला लागंल तेवढी झोप माज्या गोळीत हाय, आन् माज्या नशिबी ती. हिच्या गोळीत काय दम न्हाय."

मग त्यांनी कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढला आणि त्यातल्या दोन कागदी पुड्या सोडून एका थाळीत दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांची पांढरी, आईची पिवळट. आम्ही तिघं त्या थाळीभोवती बसलो.

"तू आता शिकलीस," आप्पा म्हणाले. "सांग. ह्यात फरक काय?"

मला तो प्रश्न किती हवा होता! सव्वा वर्ष मी त्यांच्या पगारावर शिकत होते, आणि हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर मला येत होतं. माझ्या पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक होतं. मी ते काढलं. गुंगी आणि झोप आणणाऱ्या औषधांचा धडा नुकताच वर्गात झाला होता. त्यात दोन्ही नावं होती, एकाच मथळ्याखाली, दोन पानांच्या अंतरानं. फेनोबार्बिटोन: जुनं औषध, असर लांब टिकतो, दुसऱ्या दिवशीही सुस्ती राहते. डायझेपाम: नवं, त्या मानानं सौम्य. मी ते वाचून मराठीत सांगितलं. आप्पा मान डोलवत होते, कारण पुस्तकात नेमकी त्यांचीच तक्रार छापलेली होती.

"म्हंजे दोनी झोपंच्याच?"

"व्हय. एकाच जातीच्या आहेत."

हे माझे शब्द. मला आजही आठवतं, मी ते किती सहज म्हटलं.

"मग मी हिची घेतो, हिला माजी दिऊया. चालतंय का न्हाय?"

मी क्षणभर विचार केला. विचार केला असं म्हणते, पण विचार करायला माझ्याजवळ जे होतं ते एवढंच: दोघांना झोपेचा त्रास, दोघांना झोपेचं औषध, एकाला जास्त होतंय आणि एकाला कमी पडतंय. आईचं वजन कमी म्हणून मी अर्धीपासून सुरू करायला सांगितलं आणि या सावधगिरीचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"चालंल," मी म्हणाले.

त्या वेळी आई आप्पांकडं बघत होती. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं. "डाक्टरला इचारूया का एकदा?" ती म्हणाली.

"बेळगावला जायाचं म्हंजे रजा. रजा मागितली तर कशाला म्हणून इचारत्यात. आन् पोरगी काय उगं शिकतीया?"

त्यावर आई गप्प झाली.

त्याच पुस्तकात चाळीसेक पानं पुढं फेनोबार्बिटोनचं नाव पुन्हा आलेलं होतं, फेफऱ्याच्या धड्यात. तो धडा वर्गात व्हायचा होता. मी ते पान उलटलं नव्हतं, आणि उलटलं असतं तरी त्याचा आमच्या घराशी संबंध आहे हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सुट्टी संपून मी बेळगावला आले. तीन आठवड्यांनी आप्पांचं निळं अंतर्देशीय पत्र आलं. ते चौथीपर्यंतच शिकलेले होते. अक्षर मोठं, शिरोरेघ वाकडी. तुझ्या सांगण्याप्रमाणं केलं. आई आता सकाळपर्यंत झोपते. तिच्या तोंडावर तेज आलंय. माझं डोकं हलकं झालं. काल बारा खांब केले. खाली एक ओळ होती: तुझ्या शिक्षणाचं चीज झालं.

मी ते पत्र खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं.

डिसेंबर होता. फार्माकॉलॉजीच्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला की रेक्टरबाईंनी बोलावलंय. त्यांच्या खोलीतला फोन बाजूला काढून ठेवलेला होता. पलीकडनं बोर्डाच्या ऑफिसातले क्लार्क बोलत होते. त्यांनी मला सांगितलं की आप्पांना बरं नाही, निघून ये. त्यांच्या आवाजावरनं मला कळलं. दुपारच्या गाडीत काकतीपर्यंत मी उभीच होते. तिथं एका म्हातारीनं माझ्याकडं बघून काही न विचारता सरकून जागा दिली. संकेश्वर येईतोवर मला वाटत होतं की ते खांबावरनं पडले. मी मनात पट्ट्याचा विचार करत होते, पट्टा बांधला होता की नव्हता.

घरी आले तर त्यांना ओसरीवर ठेवलेलं होतं. कपाळाला काही लागलेलं नव्हतं. हात बरे होते. फक्त टाचा सोलल्या होत्या. दोन्ही टाचा, शहाबादी फरशीवर घासून घासून कातडं निघावं तशा.

आईनं मला जे सांगितलं ते तिनं त्या दिवशी ज्याला त्याला सांगितलं, त्याच शब्दांत, रडल्याशिवाय. सकाळी उन्हानं तिचे डोळे उघडले. सात वाजून गेले होते. नळाचं पाणी येऊन गेलं होतं. इतकी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. "आदी मला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "मी आळस दिला." मग तिनं शेजारी बघितलं. आप्पा अंथरुणाच्या बाहेर, फरशीवर होते. उशाचा तांब्या कलंडून पाणी वाहून सुकलं होतं. चादर पायांत पीळ पडून अडकली होती. तोंडाच्या कडेला फेस वाळलेला, त्यात रक्त, कारण जीभ चावली गेली होती. अंग थंड होतं.

ते किती वेळ तसे झगडले असतील, हे कुणाला माहीत नाही. आई दीड हातावर होती. वर्षानुवर्षं उंदीर धावला तरी जागी होणारी आई.

गावातल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. बोर्डाच्या लोकांनी हार आणला. साहेब स्वतः आले आणि मराठीत बोलले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आक्का तिच्या माणसाबरोबर गुंजीला गेली. मग आईनं मला परड्यात बोलावलं आणि दगडावर बसवलं.

"तुला एक सांगायचं हाय. आक्काला सांगू नगंस."

आप्पांना झोपेत फिट येत होती. आधी दोनदा आली होती, भाऊ गेल्यानंतरच्या वर्षी. आईनं कांदा फोडून नाकाला लावला होता, चप्पल लावली होती. म्हणून ते बेळगावच्या डॉक्टरकडं गेले होते. आईच्या झोपेचं निमित्त, खरं तर त्यांचंच दुखणं. पण बोर्डात कळलं तर फिटच्या माणसाला खांबावर कोण चढवणार? नोकरी जाणार. आणि आक्काचं लग्न जमत आलं होतं. फेफरं आहे म्हटल्यावर ते रक्तात आहे म्हणणार, पोरींना कोण करणार? म्हणून आप्पांनी आईला शपथ घातली होती. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र त्यांनी आईलाही नीट सांगितलं नव्हतं. झोप घट्ट नाही म्हणून होतंय, झोप घट्ट झाली की जाईल, एवढंच सांगितलं. आणि सव्वा वर्षात फिट आली नाही तसं दोघांना वाटलं, गेलं ते.

"त्यांनी तुझी गोळी घेतली का रोज?" मी विचारलं.

"घ्यायचं. मग माजी पुडी सपली. आणतो म्हणलं, मग म्हणलं ऱ्हाऊंदे, मला काय गरज हाय आता, झोप तर येतीया. आट दिवस काय घेतलं न्हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. "का गं? तेनं काय हुतंय?"

"काही नाही," मी म्हणाले.

बेळगावला परतल्यावर मी पुस्तकातलं ते पुढचं पान काढलं. चार ओळी होत्या. मग एके दिवशी सकाळी मी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. वयस्कर, कानडी बोलणारे गृहस्थ होते. गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा मी आप्पांची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि माणूस गेला म्हणून सांगितलं. कसा गेला तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"गोळी बंद केली होती?"

"हो."

"ही फिटची गोळी. झोप येते हा तिचा दुसरा गुण. ही एकदम बंद करायची नसते. बंद केली की दाबून ठेवलेली फिट दुप्पट जोरानं येते, एकामागून एक, थांबतच नाही. मी त्याला दोनदा सांगितलं होतं. बिडब्याड म्हणालो होतो. सोडू नको. त्याला कानडी चांगलं समजत होतं." त्यांनी चष्मा परत लावला. "कुणी सांगितलं त्याला बंद करायला?"

दारातली बाई लेकराला मांडीवर हालवत होती. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "त्यांनीच केली."

डॉक्टरांनी मान हलवली. "असंच करतात," ते म्हणाले, आणि चिठ्ठी मला परत दिली.

आप्पा खोटे पाडले गेले ते असे. ते माझ्या सांगण्याबाहेर गेले नव्हते. आयुष्यभर साहेबांचं, डॉक्टरांचं, पुस्तकाचं ऐकलेला माणूस. माझ्या सांगण्यावर तर त्यांनी बारा खांब केले होते.

त्या वर्षी मी नापास झाले. पुढच्या खेपेला पास झाले. ऐंशीनंतर मला बेळगावातल्या एका सरकारी दवाखान्यात औषधं वाटायच्या खिडकीवर नोकरी लागली. एक खोली घेतली आणि आईला निपाणीहून आणलं.

खिडकीवर बसल्यावर मला कळलं की आमच्या घरात झालं तसं घराघरात होऊ शकतं. डिंगरी-वांगी विकायला आलेला कडोलीकडचा शेतकरी यायचा आणि म्हणायचा, "बायकूला दिलीया ती झोपंची गोळी मलाबी द्या, मलाबी झोप न्हाय." बायकोची असायची मन उदास झाल्याची, याचा असायचा रात्रभर खोकला. झोप लागत नाही, लागलेली मोडते, झोपेत अंग झाडतं, झोपेत घुसमटतं, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. या सगळ्याला आपल्याकडं एकच शब्द, झोपेचा त्रास. आणि सगळ्यावर एकच उत्तर, झोपेची गोळी. मी पुडीवर मराठीत आणि कानडीत लिहायला लागले: ही फिटची आहे, बंद करू नये. ही फक्त दहा दिवस. ही दुसऱ्याला देऊ नये. इन्चार्ज म्हणायचे, "अहो बाई, एवढी कादंबरी लिहीत बसलात तर रांग मच्छे गावापर्यंत जाईल." मी लिहीत राहिले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना खिडकीतनं ओरडून सांगत होते. बरेच जण ऐकून घ्यायचे आणि तरी घरी जाऊन वाटून घ्यायचे. हे मला महिन्याभरानं त्यांच्याच तोंडून कळायचं.

एकदा एक मास्तर चिडले. त्यांच्या चिठ्ठीवर फेनोबार्बिटोन होतं, आणि मी चारचौघांत "फिटची" म्हटलं. ते पुडी न घेता निघून गेले. त्यानंतर मी तो शब्द ओरडायची बंद झाले. आत बोलवून, दार लोटून सांगायला लागले. आप्पांनाही तसंच कुणी दार लोटून, आईला आणि मला समोर बसवून सांगायला हवं होतं. पण त्यांनीच ते होऊ दिलं नसतं, हेही मला माहीत होतं.

आई मात्र झोपेना. आप्पा गेल्यापासून तिनं कुठलीही गोळी तोंडात घातली नव्हती, तापाचीसुद्धा. तीनची जाग आता दोनवर आली होती. जेवण तुटलं. मनगटं काड्यांसारखी झाली. मी कामावरनं आले की सकाळी ठेवलेली भाकरी तशीच असायची आणि ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. एकदा तिनं मला विचारलं की वखारीत परत घेतील का. निपाणी पन्नास मैल मागं राहिली होती.

शेवटी मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना घरी घेऊन आले. त्यांनी आईशी तासभर गप्पा मारल्या. भावाबद्दल विचारलं, वखारीबद्दल विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हिला झोपेचा आजार नाहीये. झोप लागते हिला, पण पहाटे मोडते, भूक गेलीये, जगण्यात रस नाहीये. हा दुःखाचा आजार आहे. झोपेच्या गोळ्या देऊन काय होणार? तेव्हाही झालं नसतं." त्यांनी अमिट्रिप्टिलीन लिहून दिली. दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही, तोंड कोरडं पडेल, धीर धरा म्हणाल्या.

म्हणजे पहिल्या दिवसापासून आईची गोळी चुकीची होती. आप्पांची बरोबर होती, आणि ती आम्ही काढून घेतली.

गोळी आणली, पण आई घेईना. तिनं हात मागं घेतले लहान पोरासारखे.

"मला नगो झोप. झोपले म्हणून गेलं ते. जागी असते तर पानी तरी पाजलं असतं."

मग मी तिला सांगितलं. पाच वर्षं झाली होती. रविवारची सकाळ होती, खाली गल्लीत कुणीतरी सायकलच्या चाकातली हवा बघत होतं. मी सांगितलं की तू झोपलीस म्हणून नाही. गोळी बंद झाली म्हणून. आणि गोळी मी बदलायला सांगितली म्हणून. मला पुढचं पान माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, आप्पांच्या नावावर घातलं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल.

"तू तेव्हा एकुणीस वर्साची हुतीस," ती म्हणाली. "तुला कुटं ठावं हुतं? मला ठावं हुतं. फिट मी बघितल्याली. मी म्हणलं बी, डाक्टरला इचारूया. मग गप बसले. का बसले? मला ती गोळी पायजे हुती गं. मला एक रात झोप पायजे हुती. तू नगो म्हणली असतीस तरी मी चोरून घेतली असती."

"आई, तसं नाही—"

"तसंच हाय. तू तुजं घे, माजं मला ऱ्हाऊ दे."

यानं काही हलकं झालं नाही. लोक म्हणतात की बोललं की मोकळं वाटतं. आम्हाला नाही वाटलं. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. पण संध्याकाळी तिनं हात पुढं केला आणि मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली.

"ही कशाची?"

"दुःखाची."

"तेला बी गोळी निघाली व्हय?" ती म्हणाली, आणि गिळली.

पहिले दहा दिवस तोंड कोरडं पडून तिनं मला शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा तिनं भाकरी मागून घेतली. महिन्यानंतर ती पहाटे पाचपर्यंत झोपायला लागली. पूर्ण बरी कधी झाली नाही. हसायची ती तोंडानं, डोळ्यांनी नाही. सणासुदीला आक्का लेकरं घेऊन गुंजीहून यायची तेव्हा ती बरी असायची आणि ती गेली की दोन दिवस पडून राहायची. आक्काला आम्ही काहीच सांगितलं नाही. ती अजून समजते की आप्पांचं हृदय बंद पडलं.

आमची एकच खोली, एकच सतरंजी. पाचला जाग आली की आई उठायच्या आधी माझ्याकडं कुशीवर वळायची आणि हाताची पाठ माझ्या नाकाशी धरायची. श्वास लागतो का बघायची. तिच्या बोटांना मिसरीचा वास असायचा. मी जागी असायचे, पण डोळे उघडायचे नाही. तिची खात्री पटेपर्यंत, ती हात काढून घेईपर्यंत, मी सावकाश श्वास घेत पडून राहायचे.